काचेच्या पेटीतले मासे

कारखान्याचं घाण पाणी साफ करणाऱ्या यंत्रावर माझा लेक कामाला. रोज संध्याकाळी पिशवीभर मासे आणायचा. "साहेबांनी दिलेत, आई, खास तुझ्यासाठी." सुनेने ताट पुढे केलं की डोळे वटारायचा, "तुला नाही, आईचे आहेत ते!" स्वतःही कधी तोंड लावायचा नाही. मी आपली सुनेला दाखवून दाखवून काटे चोखायचे. म्हटलं, लेक असावा तर असा!

काल कारखान्यात घरच्यांना बोलावलं होतं. काचेच्या पेटीत मासे सुळसुळत होते. साहेब म्हणाले, "आमच्या यंत्राने साफ केलेलं पाणी हे! बघा, मासे कसे ठणठणीत जगतात!" माझी मान ताठ झाली.

तेवढ्यात तिथली झाडूवाली माझ्या कानाशी लागली, "कसले जगतात, मावशी! दुपारपर्यंत पोट वर करून तरंगतात. सकाळी बाजारातून नवे आणून सोडतात. मेलेले फेकायचं काम तुमच्याच लेकाकडे."



संध्याकाळी आलेले मासे मी खरपूस तळले, लेकाच्या देखत सुनेला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "आ कर गं बाई, आज पहिला घास तुझा."