पहिल्या रहिवासी

शेतकी खात्यातून निवृत्त झालेले रंगनाथराव भंडारदऱ्याजवळ निवृत्तांसाठी बांधलेली बागेतली घरं पाहायला आले होते. घरांचा आराखडा करणाऱ्या पार्थच्या तोंडाचा पट्टा काही थांबेना. “काका, न्हाणीघराच्या पाण्यावर सगळी भाजी पिकते. आणि ह्या आक्काबाई, आमच्या पहिल्या रहिवासी!” वाफ्यात खुरपणाऱ्या म्हातारीनं हात जोडले.

पार्थ फोनवर बोलायला बाजूला गेला. रंगनाथरावांनी मेथीला हात लावला, तर अख्खी जुडीच सुतळीसकट हातात आली.

“शी! बाजारातली मेथी मातीत खोचलीय. मावशी, तुम्ही इथं राहता आणि गप्प बसता?”

आक्काबाईंनी जुडी घेतली आणि होती तिथं परत खोचली.

“सकाळी टेम्पोतनं आनली ती,” त्या हळूच म्हणाल्या. “मला बी त्याच टेम्पोतनं आनलंय.”