गुरुजींची जीप

शमशेरभाई जीपखाली उताणे पडून चासीला काळं ऑइल लावत होते. ब्रश पोचत नव्हता त्या सांदीत बोट घालत होते. सासरी निघालेल्या लेकीच्या केसांत तेल जिरवावं, तसं. हळूहळू, बटाबटांतून.

जीप त्यांची नव्हती, नृसिंह गुरुजींची होती. चार वर्षांपूर्वी गुरुजींची बायको गेली, पाथर्डीतलं बिऱ्हाड मोडलं, आणि ते राहात्याला पुतण्याकडे राहायला गेले. निघायच्या दिवशीच जीप बिघडली. शमशेरभाईंच्या अंगणात दुरुस्तीला आली ती तिथंच राहिली. तेव्हापासून गुरुजी दर चैत्रात ती न्यायला येत. खाटेवर बसत, दोन कप चहा पीत, किल्ली फिरवत. इंजिन नुसतं घुरघुरे. "पुढच्या वर्षी बघू," म्हणत आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जात.

त्या एका दिवसावर शमशेरभाईंचं वर्ष निघे. बायको बानू जाऊन सहा वर्षं झालेली. लेक हुमेरा नांदायला लांब सोलापुराकडे. गॅरेज बंद. गल्लीतली निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. दिवस दिवस स्वतःचाच आवाज कानावर पडत नसे.

जीप मात्र कधीच दुरुस्त झालेली होती. ऑइल मारलं की शमशेरभाई पहाटे तिला फुफाट्यातून एक चक्कर मारून आणत. ओल्या ऑइलवर धूळ बसली की तिचं कवच होतं, मग गंज शिवत नाही. चक्कर झाली की, गुरुजी यायच्या आत, ते डिझेलच्या नळीचा नट अर्धा आटा ढिला करून ठेवत. नळीत हवा शिरली की गाडी लागत नाही.

यंदा हात धजेना. गेल्या साली गुरुजी काठी टेकत आले होते. जाताना एसटीच्या पायरीवर दोनदा थांबले होते. आपल्या एका दिवसासाठी म्हाताऱ्या माणसाला इतकं लांब किती वर्षं आणायचं? शमशेरभाईंनी नट करकचून आवळला. किल्ली फिरवली. जीप एका दमात लागली. ती बंद करून ते कितीतरी वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

दुपारी गुरुजी आले.

"काय शमशेरभाई, अजून आहात का?"

"तुमची गाडी गळ्यात हाय न्हवं. मरायला सवड कुठं?"

गुरुजींनी वाकून जीपखाली बघितलं. "एवढं ऑइल! आमच्या आईनं मला लहानपणी एवढं तेल लावलं नसेल."

"म्हनून तर टक्कल पडलं तुमाला."

दोघं हसले. गुरुजी खाटेवर टेकले.

"पुतण्याकडं बरं चाललंय?"

"उत्तम. चहा खोलीच्या दाराशी आणून ठेवतात. मागावासुद्धा लागत नाही."

शमशेरभाईंनी खाली बघत सांगून टाकलं, "गुरुजी, यंदा गाडी लागंल. म्या समदं बघितलंय."

गुरुजींनी जीपकडे बघितलं.

"नक्की?"

"व्हय."

"मग आधी चहा टाका की. आलं जरा जास्त."

शमशेरभाई आत गेले. आलं ठेचता ठेचता हात थांबला. पुढल्या चैत्रात हे कुणासाठी ठेचायचं? त्यांनी चहाला उगाच चार उकळ्या जास्त काढल्या.

चहा झाला. गुरुजी जीपमध्ये चढले, किल्ली फिरवली. काहीच नाही. दरसालची घुरघुरसुद्धा नाही.

"सकाळी तर लागली हुती!" शमशेरभाई बॉनेटकडे वळले.

"राहू द्या," गुरुजी लगबगीनं उतरले. "एसटी चुकेल माझी."

"आवो, बघू तर द्या!"

"पुढच्या वर्षी बघू."

त्यांना एसटीत बसवून शमशेरभाई घरी आले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. नट घट्ट होता. बॅटरीची वायर मात्र सोडवून बाजूला ठेवलेली होती. तिच्या टोकाला धुतलेला पांढरा रुमाल नीट गुंडाळलेला. त्यांनी तो उलगडला. वर्षभर गंज चढू नये म्हणून टोकावर बोटानं ग्रीस चोपडलेलं होतं.