पाऊण शेर पितळ

"पाऊण शेर कमी आहे," सज्जक म्हणाला आणि त्याने तराजू खाली आपटला.

तारादेवीची मेणाची मूर्ती शेजारच्या फळीवर बसली होती. जेवढं मेण त्याच्या नऊपट पितळ, हे काश्मीरच्या ओताऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरी त्याने तीनदा तोलून पाहिलं होतं.

लामा योंतेन दारात उभे होते. हातात सातूचा वाडगा, वर लोण्याचा गोळा. सज्जकचं जेवण हल्ली ते स्वतः आणत. एवढ्या मोठ्या विहाराचा प्रमुख एका ओताऱ्याला हाताने वाढतो, याचं तिबेटातल्या त्या गुगेच्या खोऱ्यात सगळ्यांना कौतुक होतं. सज्जकला मात्र त्यात पहारा दिसे.

"मग पुढच्या वर्षी ओतू," लामा म्हणाले. "हिवाळ्यात म्हातारी माणसं जातातच. वसंतात धातू येईल."

त्या खोऱ्याची रीतच तशी होती. मूर्तीच्या मुशीत गावकरी दागिने टाकत, भांडी टाकत, पण मेलेल्या माणसाचीच. मूर्तीचं पुण्य त्याला पोचावं म्हणून. जिवंत माणसाची वस्तू मुशीत पडली तर त्याचं आयुष्य वितळतं, हे तिथे शेंबडं पोरही सांगे. यंदाचं वर्ष बरं गेलं होतं. सातू भरपूर पिकला, साथ आली नाही, कुणी मेलं नाही आणि सज्जकची पंचाईत झाली.

"म्हणजे मी घरी जायला आता कुणाच्या मरणाची वाट बघू?"

लामांनी मान खाली घातली.

"महिन्याभरात खिंड बंद होईल लामाजी. तीन वर्षांच्या बोलीने आणलंत, सात झाली. आधी बुद्ध, मग मैत्रेय, मग ते हजार हातांचे लोकेश्वर. आता ही तारा. हिच्यानंतर आणखी कुणी निघेलच. तुमच्याकडे देव काय संपायचे आहेत?"

"पण एवढी घाई कशाची?"

"घाई कशाची!" सज्जकला हसूच आलं. "लग्न झालं नाही ना तुमचं, म्हणून विचारता."

लामांनी वाडगा खाली ठेवला आणि ते निघून गेले. यांना माझे हात हवेत, मी नको, असं सज्जकच्या मनात आलं. मध्यंतरी श्रीनगरचा एक केशरवाला विहारात येऊन दोन दिवस राहून गेला होता. लामांनी त्याची आणि सज्जकची गाठसुद्धा पडू दिली नाही. घरचा माणूस भेटला की ओतारी पळेल, ही भीती. सज्जकला त्या गोष्टीचा अजून संताप येई.

भात्यापाशी पल्मो बसली होती. पन्नाशीची, हाडापेराने दणकट बाई. सज्जक तिला आचे म्हणे, म्हणजे थोरली बहीण. पूर्वी ती कय्याबद्दल खोदून खोदून विचारायची. बायको दिसते कशी, भांडते का, मासे कसे रांधते. आता कय्याचं नाव निघालं की तिला कोळसे आणायची आठवण होई. तीच ती गोष्ट कुणी किती ऐकावी, म्हणून सज्जकने ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

"आचे, बघ तरी," तो तारेकडे बोट दाखवून म्हणाला. "नाक हुबेहूब कय्याचं उतरलंय. आता तुम्ही त्यावर सोनं फासाल, केस निळे कराल. करा बापडे! चांगलं पितळ रंगवायची खोडच आहे तुम्हाला."

"छान आहे हो," पल्मो म्हणाली आणि कोळसे आणायला उठली.

सज्जकने कुणाला न विचारता मेणावर मातीचे लेप चढवले. बाराव्या दिवशी सकाळी साचा भट्टीत ठेवला. मेण वितळून वाहून गेलं. कय्याचं नाकही गेलं आणि आत नुसती पोकळी राहिली. आता पितळ ओतायलाच हवं होतं. साचा थंड झाला असता तर तडकला असता.

बातमी लागताच लामा धावत आले. मागोमाग दहाबारा भिक्षू.

"अरे, धातू पुरत नाही ना?"

"पुरेल."

सज्जकने गाठोडं सोडलं आणि दोन जाड पितळी वाळे काढले. निघताना कय्याने ते पायांतून उतरवून दिले होते. तू येईस्तोवर माझे पाय मोकळे, परत येशील तेव्हा तुझ्या हाताने घाल, म्हणाली होती. दोन्ही मिळून शेरभर तरी होते. त्याने ते एकदा मुठीत धरले. पण वाळे काय, नवे ओतता येतील. खिंड थांबणार नव्हती. आणि आयुष्य वितळण्याची भीती इथल्या लोकांची, काश्मिरात तसलं कुणी मानत नाही.

"कुणाचे रे ते?" पल्मोने विचारलं.

"कय्याचे," सज्जक म्हणाला आणि त्याने ते मुशीत सोडले.

भाता थांबला.

"ओढ आचे, ओढ! आता महिनाभरात मी घरी बघ!"

पल्मोने भाता सोडून दिला होता. ती गुडघ्यांवर बसली आणि रडू लागली.

"लामाजी, मी नाही सांगितलं हो त्याला. शपथ घेते, एक शब्द बोलले नाही."

भिक्षूंनी हात जोडले. लामा पुढे आले आणि त्यांनी सज्जकच्या खांद्यावर हात ठेवला.

"कळलं तुला. सुटलो रे बाबा," ते म्हणाले. "तो केशरवाला सांगत होता, तीनच दिवसांचा ताप होता. फार त्रास झाला नाही तिला."