नीट वागणं

मुलाची आई म्हणून आलेल्या न्यायाधीशबाईंनी त्यांच्यासाठी खास पुसून ठेवलेली खुर्ची नाकारली आणि त्या सरळ खाटेवर टेकल्या. टवका उडालेल्या कपातून चहा प्यायल्या, वर आणखी अर्धा कप मागून घेतला. खालच्या लाँड्रीतली वाफ जिन्यावरून वर येऊन त्यांच्या चष्म्यावर धरत होती, तरी कपाळाला आठी नाही. उठताना तर त्यांनी या घरच्या बोलीत एक अख्खं वाक्य म्हटलं, "तुमची लेक आता आमचीही." उच्चार सगळे चुकले, पण मुलीच्या आईचे डोळे भरून आले.

लग्न ठरलं. ज्या दिवसाची इतकी धास्ती घेतली होती, तो असा अलगद पार पडला. मग तरी काय खुपतंय, मुलीचं तिलाच कळेना.

बाबा तेवढे गप्प होते. एरवी लाँड्रीत लोक कपडे टाकायला कमी आणि त्यांच्या गप्पा ऐकायला जास्त येत. आज ते हात गुडघ्यांवर ठेवून फोटोला बसल्यासारखे बसले होते. त्यांना हे स्थळ पसंत नाही की काय?

ती खाली पोचवायला गेली. न्यायाधीशबाई गाडीत बसल्या, त्यांचा मुलगा मागे रेंगाळला. तो आणि ती एकाच ऑफिसात घरांचे नकाशे काढत. तिथेच त्यांचं जमलं होतं.

"आई किती छान वागली ना?" तो खुशीत म्हणाला. "मी कालच तिची तयारी करून घेतली होती. कुठे बसायचं, काय बोलायचं. त्या कपाचंसुद्धा सांगून ठेवलं होतं."

ती हसली. हसू अर्ध्यावरच राहिलं. त्या कपातून तोही कितीदा चहा प्यायला होता. तेव्हा त्यानेही मनाची अशीच तयारी केली असेल?

गाडी गेली तरी ती फुटपाथवरच उभी. रागवावं, तर त्याने केलं ते तिच्यासाठीच. सोडून द्यावं, तर आतलं काहीतरी सुटेना. नकार कळवून टाकावा, असंही एकदा मनात आलं आणि लगेच नको वाटलं.

शेवटी ती वर आली. बाबा अजून तसेच बसले होते.

"गेले का?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने मान हलवली. तसे ते जरा सैलावले.

"सकाळी तू बजावलंस, तसं तोंडातून अवाक्षर काढलं नाही बघ. नीट वागलो ना गं मी?"