पंचवीस सेकंदांचं आभाळ

बाबांना आणखी महिनाभर दिसेल, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. त्यातले सव्वीस दिवस मेल्या ढगांनी खाल्ले. आभाळातले तारे बाबांना केव्हाच दिसेनासे झाले होते. स्क्रीनवर मोठं करून दाखवलं की दिसतं, असं बाबाच म्हणायचे. म्हणून मी रोज गच्चीत ट्रायपॉड मांडून आभाळाकडे डोळे लावून बसायचे, आणि शेजारच्या खुर्चीत बाबा.

आज पहाटे एकदाचे ढग फाटले. फोकस संध्याकाळीच दूरच्या टॉवरच्या दिव्यावर जुळवून ठेवला होता. आयएसओ बत्तीसशे, शटर पंचवीस सेकंद. मी बटण दाबलं. फोटो उमटला तसा मी आधी स्वतः न बघता कॅमेराच काढून स्क्रीन बाबांच्या डोळ्यांपुढे धरली.

बाबा बराच वेळ बघत राहिले.

"केवढे तारे गं," ते म्हणाले. "बघायचं ते बघून झालं. आता उद्यापासून जागू नकोस, बाळा."

मी डोळे पुसले आणि लेन्सला झाकण लावायला गेले.

दव पडायला लागल्यावर लावलेलं झाकण अजून तसंच होतं.