खुर्चीमागची जागा

"तुमच्या आईच्या वयाच्या बायका गेम खेळत नसतात," म्हणून साहेबांनी विषय संपवला. गेम बनवणाऱ्या कंपनीला नवं गिऱ्हाईक तर हवं होतं, पण अशा बायकाही गेममध्ये रमतात, हे तिथल्या तरुण डिझायनर मुलीचं म्हणणं कुणाच्या गळी उतरत नव्हतं. शेवटी ती हट्टाने आईलाच चाचणीच्या खोलीत घेऊन आली.

आईने कंट्रोलर उलटसुलट करून पाहिला आणि लेकीच्या हातात दिला. "मला नाही बाई जमायचं. तू खेळ, मी बघते." लहानपणापासून हेच चालत आलं होतं. लेक खेळायची आणि आई खुर्चीमागे उभी राहून बघायची.

साहेब गालातल्या गालात हसले. तिने मात्र रुमालाने स्वतःचे डोळे घट्ट बांधले आणि नवा गेम सुरू केला.

"आई, सांग."

"डावीकडे वळ. थांब, दारामागे मेला टपून बसलाय. हं, आता मार उडी."

भल्याभल्यांना न जमलेला टप्पा पार झाला. साहेब तिचं अभिनंदन करायला पुढे झाले, तशी आई मध्येच म्हणाली, "ते नंतर. आधी पुढचा डाव लाव. आणि मी सांगेन तेव्हाच उडी मारायची. मघाशी घाई केलीस, माझी एक लाइफ फुकट गेली."