शांत माणूस बघा

तिच्या बाळानं पहिलं पाऊल टाकलं, तेव्हाही खालच्या मजल्यावरच्या काकांनी काठीनं छत बडवलं होतं. चार वर्षं अख्खं घर चवड्यांवर चाललं. शेवटी वैतागून तिनं फ्लॅट विकायला काढला, तर काका जिन्यात अडवून म्हणाले, “निदान जाताना तरी कोणी शांत माणूस बघा!”

शांत गल्ली म्हणून गिऱ्हाइकांची रीघ लागली. निवृत्त जोडप्याला तिनं नकार दिला. पुस्तकांत डोकं घालून बसणाऱ्या प्राध्यापकांनाही वाटेला लावलं. तिसरा माणूस चाचरत म्हणाला, “ताई, नंतर कटकट नको म्हणून आधीच सांगतो. मी ड्रम शिकवतो. घरीच.”

 

“दोन लाख कमी द्या,” ती म्हणाली, “पण सकाळी सहाची बॅच चुकवायची नाही.”